पृथ्वीच्या पोटाचा नकाशा सुपरकॉम्प्युटर कसा काढतो

पृथ्वीच्या पोटातली ती लाल-निळी चित्रं नेटवर कधी ना कधी नजरेखालून गेली असतीलच, आफ्रिकेच्या खाली अडीच-पावणेतीन हजार किलोमीटरवर एक भलामोठा लाल ढीग, उत्तर अमेरिकेखाली तिरका उतरत गेलेला निळा पट्टा वगैरे. बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी आत कॅमेरा सोडलाय. कॅमेरा लांब राहिला, साधं भोकसुद्धा आपल्याला धड पाडता आलेलं नाही. सोव्हिएत काळात कोला द्वीपकल्पावर जे सगळ्यात खोल बोअर मारलं ते १९८९ साली १२,२६२ मीटरवर पोचलं आणि तिथेच थांबलं, आणि पृथ्वीची त्रिज्या आहे ६३७१ किलोमीटर. म्हणजे हजारात पुरते दोन भागही नाहीत. मग ही चित्रं येतात कुठून? भूकंपांतून, आणि त्यानंतरच्या राक्षसी आकडेमोडीतून. भूकंपलहरींबद्दल शाळेत थोडंफार सांगतात, पुढच्या आकडेमोडीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

तरी आधी लहरींचं थोडक्यात उरकून घेऊ. भूकंप झाला की आतून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पी लहर आवाजासारखी दाबत-ताणत जाते, ती घन पदार्थातूनही जाते आणि द्रवातूनही. एस लहर आडवी हलवत जाते, ती हळू असते आणि द्रवातून तिला जाताच येत नाही. आत कुठे काय आहे त्यावर त्यांचा वेग ठरतो. पी लहर वरच्या कवचात सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते, खाली जाता जाता वेग वाढत २८९० किलोमीटरवर, म्हणजे प्रावरणाच्या (कवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड थराच्या) तळाशी, साडेतेराच्या पुढे जातो आणि तिथून गाभ्यात शिरली की एकदम आठावर येते. म्हणजे कुठल्या ठिकाणी लहर कधी पोचली एवढं जरी नीट नोंदवलं तरी आतल्या थरांचा अंदाज बांधता येतो.

आणि जुन्या लोकांनी तो बांधलाही. रिचर्ड ओल्डहॅम हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणारा माणूस, १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाच्या नोंदींत त्याला या लहरी वेगवेगळ्या ओळखता आल्या आणि १९०६ साली त्याने सांगितलं की पृथ्वीला वेगळा गाभा आहे. तो गाभा द्रव आहे हे १९२६ ला हॅरॉल्ड जेफ्रीजने दाखवलं. मग डेन्मार्कच्या भूकंपतज्ज्ञ इंगे लेमान. १९२९ ला न्यूझीलंडमध्ये झालेल्या भूकंपाच्या नोंदींत त्यांना अशा लहरी दिसल्या ज्या तिथे यायलाच नको होत्या, आणि १९३६ मध्ये त्यांनी मांडलं की द्रव गाभ्याच्या आत अजून एक वेगळा गाभा आहे. त्यांच्या भाच्याने सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे, की बाई बागेत टेबल टाकून बसायच्या आणि टेबलावर ओटचे रिकामे खोके, खोक्यांत पुठ्ठ्याची कार्डं, प्रत्येक कार्डावर जगभरातल्या नोंदींच्या वेळा. पृथ्वीचा अंतर्गाभा असा खोक्यांतल्या कार्डांवर सापडलाय, कॉम्प्युटर नावाची भानगड तेव्हा नव्हतीच!

पण हे सगळं थरांपुरतं झालं. अमुक खोलीवर अमुक वेग, मग तुम्ही ब्राझीलखाली असा नाहीतर जपानखाली. १९८१ मध्ये झिवॉन्स्की आणि अँडरसन यांनी बनवलेलं प्रेम नावाचं मॉडेल (हो, प्रेमच, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून झालेलं) अशाच पद्धतीचं आहे आणि आजही सगळे तुलनेला तेच घेतात. खरी पृथ्वी मात्र एकाच खोलीवर सगळीकडे सारखी नाही, कुठे गरम खडक वर येतोय, कुठे थंड पडलेला समुद्रतळ खाली बुडतोय, आणि या फरकामुळे लहरींच्या वेगात पडणारा फरक प्रावरणात बहुतेक ठिकाणी जेमतेम एक-दोन टक्क्यांचा असतो. तो पकडायचाय. आता हे खोक्यातल्या कार्डांचं काम राहिलं नाही.

हे सांगताना सगळे सीटी स्कॅनचं उदाहरण देतात, मीही देतो, कारण पद्धतीचं नावही तिथलंच आहे, टोमोग्राफी. वेगवेगळ्या दिशांनी किरण सोडायचे, पलीकडे काय पोचलं ते मोजायचं आणि त्यावरून आतलं चित्र उभं करायचं. पण हॉस्पिटलमध्ये एक्स-रे सरळ रेषेत जातात आणि मशीन पेशंटभोवती हवं तसं फिरवता येतं. इथे लहरी वाकत-वळत जातात, किती वाकणार ते आतल्या वेगांवर ठरतं, म्हणजे जे शोधायचंय तेच आधी माहीत असायला हवं. आणि स्रोत आपल्या हातात नाही, भूकंप व्हायचे तिथेच होणार, बहुतेक सगळे प्लेटांच्या सीमेवर. यंत्रं लावायची तर जमीन हवी, आणि पृथ्वीचा सत्तर टक्के पृष्ठभाग पाण्याखाली. म्हणजे पेशंटच्या दोन-चार ठरावीक बाजूंनीच किरण सोडायचे आणि मोजायचं यंत्र अंगाच्या एक तृतीयांश भागावरच टेकवायचं असं म्हटल्यावर डॉक्टर काय म्हणेल ते म्हणेल.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत टोमोग्राफी सुरू झाली तेव्हा लहर म्हणजे एक बारीक रेघ मानायचे. भूकंपापासून लहर नोंदवणाऱ्या यंत्राच्या स्टेशनपर्यंत रेघ ओढायची, लहर दोन सेकंद उशिरा आली तर ते दोन सेकंद त्या रेघेवर वाटून टाकायचे, अशा लाखो रेघा घेऊन गणित सोडवायचं. यातून खूप काही मिळालं, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण लहर म्हणजे रेघ नसते, तिला जाडी असते. सेकंदाला १० किलोमीटर जाणारी आणि दर १० सेकंदांनी हेलकावणारी लहर घ्या, तिची लांबीच १०० किलोमीटर झाली, वाटेत त्याहून लहान काही आलं तर ती त्याला वळसा घालून पुढे जुळून येते आणि उशिराचा मागमूस बऱ्यापैकी पुसला जातो. पुढे गणित काटेकोर केल्यावर तर असं निघालं की लहर पोचायच्या वेळेवर ज्या भागाचा परिणाम होतो तो त्या रेघेच्या आजूबाजूला असतो, बरोब्बर रेघेवर मात्र जवळजवळ शून्य! लांबून बघितलं तर वाकडं केळं आणि कापलं तर मधे भोक, म्हणून या क्षेत्रातले लोक त्याला बनाना-डोनट म्हणतात, आणि हे गंभीर पेपरांत छापलेलं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. सिस्मोग्राम म्हणजे यंत्राने नोंदवलेली, तासभर चाललेली वेडीवाकडी रेषा, तिच्यात पी आहे, एस आहे, गाभ्यावर आपटून परत आलेल्या लहरी आहेत, पृष्ठभागावरून रांगत आलेल्या आहेत, आणि जुन्या पद्धतीत त्यातून घ्यायचं काय तर "पहिला झटका इतक्या वाजता आला". बाकी सगळी रेषा गेली केराच्या टोपलीत. त्यातल्या प्रत्येक हेलकाव्यात आतली माहिती आहे पण ती काढायची तर तो हेलकावा तसाच का आला हे आधी कॉम्प्युटरवर उभं करता आलं पाहिजे, आणि त्यासाठी अख्खी पृथ्वी कॉम्प्युटरवर हलवावी लागते. इथून सुपरकॉम्प्युटरची गोष्ट सुरू होते.

करतात काय, तर पृथ्वीचे बारीक बारीक ठोकळे पाडतात, याला मेश म्हणायचं. गोल वस्तूचे चौकोनी ठोकळे पाडणं हीच मोठी डोकेदुखी, म्हणून एक चौकोनी खोका फुगवून त्याचा गोल केलाय अशा पद्धतीने पृथ्वीचे सहा तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यात ठोकळे बसवतात, मधोमध राहिलेल्या जागेत एक ठोकळ्यांचा गठ्ठा घालतात कारण नाहीतर केंद्राजवळ सगळे ठोकळे चिमटून सुईसारखे होतील. खाली वेग जास्त, लहर लांब, म्हणून तिथे ठोकळे मोठे चालतात, वर बारीक लागतात. मग डोंगर, समुद्र, पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, ध्रुवांकडचं चपटेपण, आणि गाभ्याच्या सीमेवर एका बाजूला घन खडक आणि दुसऱ्या बाजूला वितळलेलं लोखंड, तिथे दोन वेगळी समीकरणं एकमेकांना जोडायची. दिमित्री कोमातीच आणि जेरोएन ट्रॉम्प यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी भूकंपलहरींसाठी जी स्पेक्ट्रल एलिमेंट पद्धत पुढे नेली तिच्यात हे सगळं नीट बसतं, आणि तिच्यावर आधारलेला स्पेकफेम हा कोड आज जगभर वापरतात, कुणीही डाउनलोड करून घेऊ शकतो.

प्रत्येक प्रोसेसरला पृथ्वीचा एक तुकडा मिळतो. तो आपल्या तुकड्यात लहर एक पाऊल पुढे सरकवतो, कडेला काय झालं ते शेजारच्या तुकड्यांना कळवतो, त्यांचं ऐकून घेतो आणि पुढचं पाऊल. हे पाऊल सेकंदाच्या छोट्याशा भागाचं, आणि लहरींना अख्ख्या पृथ्वीतून फिरायला तास-दोन तास लागतात, म्हणजे हजारो लाखो पावलं आणि प्रत्येक पावलाला सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं. एक प्रोसेसर जरी मागे राहिला तरी बाकीचे त्याची वाट बघत बसतात.

या पद्धतीचा पहिला मोठा बार उडाला तो जपानमध्ये योकोहामाला, अर्थ सिम्युलेटर नावाच्या मशीनवर, २००२ मध्ये ते जगातलं सगळ्यात वेगवान मशीन होतं. ३ नोव्हेंबर २००२ ला अलास्कात डेनालीला ७.९ चा भूकंप झाला होता, तो त्यावर हलवून बघितला: १९४४ प्रोसेसर, अडीच टेराबाइट मेमरी, सेकंदाला पाच लाख कोटी गणितं, आणि सोडवायच्या अज्ञात राशी किती तर १४६० कोटी. एवढं करून लहरींचा पिरियड, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ, कितीपर्यंत खाली नेता आला? पाच सेकंद. या कामाला २००३ चं गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं, ते सुपरकॉम्प्युटिंगमधलं मानाचं पारितोषिक.

पाचच सेकंद का, एक का नाही? हा प्रश्न ज्याला समजला त्याला या क्षेत्रातलं अर्धं दुखणं समजलं. समजा तुम्हाला दुप्पट बारकावा हवाय, म्हणजे पिरियड निम्मा. लहर निम्म्या लांबीची झाली, म्हणून ठोकळे लांबी, रुंदी, खोली तिन्ही दिशांनी निम्मे, झाले आठपट ठोकळे. ठोकळे लहान झाले की वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं नाहीतर गणित फुटतं, आकडे वाढत वाढत अनंतात जातात. आठ दुणे सोळा. दुप्पट बारकाव्याला सोळापट खर्च. १६ सेकंदांपासून १ सेकंदापर्यंत यायचं तर चार वेळा निम्मं करायचं, सोळाचा चौथा घात, ६५,५३६ पट. आता उलट बाजूने बघा. २००२ चं अर्थ सिम्युलेटर चाचणीत साधारण ३६ टेराफ्लॉप द्यायचं (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं), २०२२ मध्ये अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत आलेल्या फ्रंटिअर या मशीनने एक एक्साफ्लॉपची, म्हणजे दहा लाख टेराफ्लॉपची रेषा ओलांडली, म्हणजे वीस वर्षांत मशीन ढोबळमानाने तीस हजार पट वेगवान झालं. आणि तीस हजाराचं चौथं मूळ? तेरा. मशीन तीस हजार पट, बारकावा तेरा पट, तोही मेमरी, डेटाची ने-आण आणि कोड या सगळ्यांनी साथ दिली तर. "एवढे मोठे सुपरकॉम्प्युटर आलेत तरी अजून आतलं स्पष्ट कसं दिसत नाही" असं कुणी विचारलं तर त्याला हा तेराचा आकडा सांगायचा.

आणि इथपर्यंत आपण फक्त एका भूकंपाचं सिम्युलेशन केलंय, तेही आतलं सगळं माहीत आहे असं धरून. खरं काम उलटं आहे. सिम्युलेशनमधली रेषा आणि यंत्रावरची खरी रेषा शेजारी ठेवल्यावर त्या जुळत नाहीत, समजा खरी लहर तीन सेकंद आधी आली. म्हणजे वाटेत कुठेतरी खडक आपण धरला त्यापेक्षा जास्त वेगवान आहे. कुठे? एकेका ठोकळ्याचा वेग जरासा बदलून प्रत्येक वेळी पूर्ण सिम्युलेशन परत चालवायचं म्हटलं तर कोट्यवधी सिम्युलेशन्स झाली, सूर्य विझेपर्यंत बसा. यावरची युक्ती फार देखणी आहे, तिला अ‍ॅडजॉइंट पद्धत म्हणतात. जो फरक राहिलाय तो सगळ्या स्टेशनांवरून एकदम, काळ उलटा फिरवून, पृथ्वीत परत सोडायचा, जणू प्रत्येक स्टेशन हाच आता भूकंप. ही उलटी लहर आत जाते, आणि तिच्यासोबत भूकंपाची मूळ लहरही बघत राहायची. ज्या ठिकाणी, ज्या क्षणी दोन्ही एकत्र हलताना सापडतात तो भाग या फरकाला जबाबदार, जितकं एकत्र हलणं जास्त तितकी जबाबदारी जास्त. ठोकळे लाख असोत नाहीतर अब्ज, स्टेशनं दहा असोत नाहीतर हजार, एका भूकंपामागे दोन-तीन सिम्युलेशन्समध्ये सगळ्या ठोकळ्यांचा हिशोब हातात!

यात एक फार चिवट अडचण आहे. मूळ लहर सुरुवातीपासून शेवटाकडे चालते, उलटी लहर शेवटाकडून सुरुवातीकडे, आणि आपल्याला हवीत दोन्ही एकाच क्षणाची. मूळ लहरीचं प्रत्येक पाऊल साठवून ठेवावं तर जगात तेवढी डिस्क नाही. मग शेवटची अवस्था तेवढी साठवायची आणि मूळ लहरसुद्धा तिथून मागे मागे चालवत आणायची, हे जमतं कारण समीकरणं काळ उलटा केला तरी चालतात. पण खडक लहरीची ऊर्जा खातो, पुढे जाताना लहर मरत जाते, म्हणजे मागे येताना ती वाढत गेली पाहिजे, आणि तिच्याबरोबर गणितातली बारीकसारीक चूकही वाढत जाते आणि शेवटी सगळं फुटतं. म्हणून मधे मधे थांबून अवस्था साठवायची, मागे येताना प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला उडी मारायची आणि तेवढा टप्पा परत सरळ चालवून घ्यायचा. त्याच गणिताला दोनदा पैसे मोजल्यासारखं आहे, पण दुसरा इलाज स्वस्तात मिळत नाही.

असे सगळ्या भूकंपांचे हिशोब बेरीज करायचे, मॉडेल थोडं सुधारायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. ग्लॅड-एम१५ नावाचं जे जागतिक मॉडेल २०१६ ला आलं त्यात २५३ भूकंप घेतले होते आणि अशा १५ फेऱ्या केल्या होत्या, ओक रिजच्याच टायटन मशीनवर. भूकंपामागे दोनच सिम्युलेशन्स धरली तरी साडेसात हजारांच्या वर जातात, आणि यातलं प्रत्येक म्हणजे अख्खी पृथ्वी हलवणं. २०२० मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीत, ग्लॅड-एम२५ मध्ये, भूकंप १४८० झाले. टायटनमध्ये अठरा हजारांच्या वर जीपीयू (एकाच वेळी ढीगभर गणितं करणाऱ्या चिप) होते म्हणून हे जमलं, नुसत्या प्रोसेसरवर जमलं नसतं.

गंमत म्हणजे अशा कामात पुष्कळ वेळा गणित अडत नाही, फायली अडतात. प्रत्येक भूकंप, प्रत्येक स्टेशन, तीन दिशा, खरी रेषा वेगळी आणि सिम्युलेशनची वेगळी, प्रत्येकाची एकेक छोटी फाइल केली तर लाखोंच्या लाखो फायली होतात आणि हजारो प्रोसेसर एकदम त्या उघडायला गेले की सुपरकॉम्प्युटरची स्टोरेज सिस्टिम अक्षरशः मान टाकते. त्यासाठी लोकांनी वेगळे फाइल फॉरमॅट बनवले, एका मोठ्या फाइलमध्ये सगळं. वर खऱ्या डेटात हजार भानगडी, कुठल्या स्टेशनचं घड्याळ चुकलेलं, कुठे तार उलटी जोडल्यामुळे वर-खाली उलटं नोंदलं गेलेलं, आणि हे सगळं माणसाने डोळ्यांनी तपासणं शक्य नाही म्हणून रेषेचा कुठला तुकडा भरवशाचा आणि कुठला टाकून द्यायचा हेही प्रोग्रामच ठरवतो.

अजून एक सापळा. सिम्युलेशनची लहर खऱ्या लहरीपेक्षा अर्ध्या हेलकाव्याहून जास्त मागे असेल तर कॉम्प्युटर तिला भलत्याच हेलकाव्याशी जुळवायला जातो आणि खुशीत चुकीच्या दिशेने मॉडेल सुधारत बसतो, वरून फरकाचे आकडे छान कमी होताना दिसतात. म्हणून सुरुवात लांब पिरियडच्या लहरींनी करायची, आधी ढोबळ पृथ्वी जुळवायची आणि मगच हळूहळू बारीक लहरी आत घ्यायच्या. घाई केली की फसलात.

एवढ्या खटाटोपातून दिसलं काय? ते दोन अजस्र ढीग, एक आफ्रिकेखाली आणि एक पॅसिफिकखाली, गाभ्याला टेकलेले, हजारो किलोमीटर पसरलेले, एस लहर तिथे हळू जाते. हे जुन्या रेघांच्या पद्धतीतही दिसले होते आणि नवीन पद्धतीतही दिसतात, म्हणून त्यांच्या असण्याबद्दल फारसा वाद नाही. उत्तर अमेरिकेखाली बुडालेली फॅरालॉन नावाची जुनी समुद्रतळाची प्लेट दिसते. भारताखाली टेथिस समुद्राच्या तळाचे बुडालेले तुकडे दिसतात, म्हणजे जो समुद्र मिटून हिमालय उभा राहिला त्याचे अवशेष अजून खाली उतरतायत. २०१५ मध्ये स्कॉट फ्रेंच आणि बार्बरा रोमानोविच यांनी पूर्ण लहर सिम्युलेट करण्याच्या पद्धतीने दाखवलं की हवाई, आइसलँड अशा ज्वालामुखींच्या खालून गाभ्याच्या सीमेपर्यंत गेलेले गरम खडकाचे खांब आहेत, आणि ते अपेक्षेपेक्षा बरेच जाड आहेत. रेघांच्या पद्धतीत हे खांब धड दिसत नव्हते कारण लहर त्यांना वळसा घालून पुढे जुळून यायची, वर सांगितलं तेच.

पण या चित्रांतला लाल रंग म्हणजे "गरम" नव्हे. लाल म्हणजे हळू, निळा म्हणजे वेगवान, एवढंच. हळू असण्याचं कारण तापमान असू शकतं, वेगळ्या घटकांचा खडक असू शकतो, थोडंसं वितळलेलं असू शकतं. त्या दोन ढिगांबद्दल नेमका हाच वाद चालू आहे, नुसते गरम आहेत की पृथ्वीच्या जन्मापासून तिथे पडून असलेल्या वेगळ्या मालाचे आहेत, आणि बातम्यांत हमखास "वितळलेल्या खडकाचा समुद्र" असं छापून येतं, ते वाचून चिडचिड होते. प्रावरण घन आहे. एस लहर त्यातून जाते यापेक्षा मोठा पुरावा काय द्यायचा? ते घन असूनही वाहतं, वर्षाला काही सेंटिमीटर.

शिवाय दोन वेगळ्या गटांची मॉडेल्स शेजारी ठेवलीत तर मोठमोठ्या गोष्टी जुळतात आणि काही शे किलोमीटरच्या खाली आलात की प्रत्येकाचं आपलं वेगळं. दक्षिण गोलार्धात यंत्रं कमी, महासागरांत तर फारच कमी, म्हणून आता पाण्यात तरंगत राहून पृथ्वीतून वर आलेल्या लहरी ऐकणारे रोबोट सोडायला लागलेत, ते लहर ऐकली की वर येऊन सॅटेलाइटने कळवतात. यांचा जितका फायदा होईल तितका नुसत्या मोठ्या मशीनने होणार नाही असं माझं मत आहे, कारण ज्या भागातून लहरच गेली नाही तिथे कॉम्प्युटर काय करणार, गुळगुळीत रंग भरणार आणि बघणाऱ्याला वाटणार तिथेही काहीतरी मोजलंय. कुठला रंग किती भरवशाचा हे नीट सांगायचं तर हीच सगळी आकडेमोड वेगवेगळ्या सुरुवातींनी शेकडो वेळा करून बघायला हवी, आणि इथे एकदाच करताना नाकी नऊ येतात, म्हणून बहुतेक मॉडेल्सबरोबर खात्रीचा नकाशा पूर्ण असा येतच नाही.

सध्या ज्यांच्यामागे लोक लागलेत त्या म्हणजे गाभ्याच्या बरोब्बर वर चिकटलेल्या पातळ थिगळांच्या जागा, जाडी पाच-दहा किलोमीटरपासून तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत, एस लहरीचा वेग तिथे काही ठिकाणी तीस टक्क्यांपर्यंत कमी होतो. २८९० किलोमीटर खोलीवरचं इतकं पातळ थिगळ बघायचं तर पिरियड एक-दोन सेकंदांपर्यंत खाली आणायला हवा, आणि अख्ख्या पृथ्वीसाठी, हजारो भूकंप घेऊन, फेऱ्यांवर फेऱ्या करत हे करायचं म्हटलं की परत तोच सोळापटीचा हिशोब आडवा येतो. म्हणून तूर्तास ती थिगळं तुकड्या-तुकड्यांनीच शोधतात, हवाईच्या खाली एक, आइसलँडच्या खाली एक, जिथे भूकंप आणि स्टेशन नशिबाने योग्य जागी आलेत तिथे.